सव्वीस डिसेंबरची सकाळ



चार्ल्स डिकन्सची ‘अ ख्रिसमस कॅरल’ ही गोष्ट ज्यांनी वाचलेली नाही, त्यांनाही ती ठाऊक असते. लंडनमधला एबनेझर स्क्रूज नावाचा एक चिक्कू म्हातारा, नाताळच्या आदल्या रात्री त्याच्या खोलीत येणारी भुतं, आणि सकाळी पालटून उठलेला तोच म्हातारा. नाटकं झाली, सिनेमे झाले, मुलांच्या चित्रकथा झाल्या. या सगळ्यांतून एक सोपा बोध लोकांच्या मनात बसला: सणाच्या दिवशी माणसाने हात सैल सोडावा, गोरगरिबांना चार घास द्यावेत, घरच्यांशी गोड बोलावं.

हा बोध खोटा नाही. पण तो फार स्वस्त आहे, आणि डिकन्सला एवढंच सांगायचं असतं तर त्याला हे पुस्तक लिहावं लागलं नसतं. गोष्ट नाताळच्या जेवणापाशी थांबत नाही. तिचा शेवटचा प्रसंग दुसऱ्या दिवशी, सव्वीस डिसेंबरला सकाळी स्क्रूजच्या पेढीवर घडतो. त्या काळी इंग्लंडमध्ये हा कामाचा दिवस होता. त्या दिवसाला बँक हॉलिडेचा दर्जा मिळाला तो १८७१च्या कायद्याने. सण संपला आहे, कारकून साडेअठरा मिनिटं उशिरा आला आहे आणि मालक त्याची वाट पाहत बसला आहे. तिथे जी बोलणी होतात ती मेजवानीची नव्हेत, पगाराची आहेत.

त्या सकाळपर्यंत पोचायचं तर १८४३ सालात जावं लागतं.

मुलांच्या मजुरीची चौकशी करण्यासाठी १८४०मध्ये ब्रिटनमध्ये एक आयोग नेमला गेला. त्याचा पहिला अहवाल १८४२मध्ये आला. तो खाणींबद्दल होता, आणि त्याने देश इतका हादरला की त्याच वर्षी स्त्रियांना आणि दहा वर्षांखालच्या मुलांना खाणीत उतरवायला कायद्याने बंदी झाली. दुसरा अहवाल १८४३च्या सुरुवातीला आला. त्यात कारखान्यांतली आणि घरगुती उद्योगांतली मुलं होती: खिळे ठोकणारी, टाचण्या करणारी, लेस विणणारी. आयोगाचे एक सदस्य डॉ. साउथवुड स्मिथ डिकन्सचे परिचित होते. अहवाल वाचून डिकन्स इतका पेटला की गरिबाच्या मुलाच्या वतीने इंग्लंडच्या जनतेला आवाहन करणारी एक स्वस्त पुस्तिका काढायचं त्याने ठरवलं. चारच दिवसांत त्याने बेत बदलला. वर्षअखेरपर्यंत थांबा, मी जे करीन त्याचा घाव या पुस्तिकेच्या कितीतरी पट बसेल, अशा अर्थाचं पत्र त्याने स्मिथ यांना पाठवलं. काय करणार, हे त्यालाही तेव्हा नक्की माहीत नसावं.

सप्टेंबरमध्ये तो फील्ड लेनच्या ‘रॅगेड स्कूल’मध्ये गेला. फाटक्या कपड्यांतल्या, रस्त्यावर वाढलेल्या मुलांसाठी चालवलेली ही फुकट शाळा सॅफ्रन हिलच्या वस्तीत होती. याच भागात त्याने काही वर्षांपूर्वी ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मधल्या फेगिनचा अड्डा दाखवला होता. जे कल्पनेने लिहिलं होतं ते आता बाकांवर बसलेलं दिसलं. या शाळेला मदत करावी म्हणून त्याने धनाढ्य समाजसेविका अँजेला बर्डेट-कूट्स यांना कळकळीचं पत्र लिहिलं. ५ ऑक्टोबरला तो मँचेस्टरच्या अथेनियम संस्थेत बोलला. ही संस्था कष्टकऱ्यांना आणि कारकुनांना वाचनालय, वर्ग, व्याख्यानं उपलब्ध करून देई आणि कर्जात बुडाली होती. अज्ञान हे समाजाला किती महागात पडतं, हा त्या भाषणाचा गाभा होता. गिरणीशहराच्या त्या मुक्कामात गोष्टीची कल्पना सुचली, आणि लंडनला परतल्यावर सुमारे सहा आठवड्यांत ती लिहून झाली. त्या दिवसांत तो रात्री-रात्री लंडनच्या रस्त्यांतून मैलोन् मैल चालत असे; लिहिताना हसलो आणि रडलो, असं त्याने एका मित्राला कळवलं आहे.

त्याला पैशांचीही निकड होती. ‘मार्टिन चझलविट’ ही चालू कादंबरी अपेक्षेइतकी खपत नव्हती, प्रकाशक मानधन कापायच्या गोष्टी करत होते, घरात पाचवं मूल येऊ घातलं होतं. यात लपवण्यासारखं काही नाही. पैशाची ओढाताण काय असते हे डिकन्सला लहानपणापासून माहीत होतं. तो बारा वर्षांचा असताना, १८२४मध्ये, त्याचे वडील एका पाववाल्याचे ४० पौंड थकल्यामुळे मार्शलसीच्या कर्जदारांच्या तुरुंगात गेले होते. मुलगा थेम्सकाठच्या, उंदरांनी भरलेल्या एका कारखान्यात बुटांच्या काळ्या पॉलिशच्या बरण्यांना लेबलं चिकटवत होता. आठवड्याला सहा शिलिंग मिळत. ही हकिकत त्याने हयातीत जवळजवळ कुणालाच सांगितली नाही. त्याच्या मृत्यूनंतर जॉन फॉर्स्टर यांनी लिहिलेल्या त्याच्या चरित्रातून ती जगाला कळली.

१९ डिसेंबर १८४३ला पुस्तक बाजारात आलं. सोनेरी अक्षरांची बांधणी, जॉन लीच यांची रंगीत चित्रं, किंमत पाच शिलिंग. नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत सहा हजार प्रती संपल्या. छपाईचा खर्च डिकन्सच्याच अंगावर असल्याने हजार पौंडांची आशा धरलेल्या लेखकाच्या हाती त्या आवृत्तीतून सुमारे २३० पौंडच आले. चोरटी आवृत्ती काढणाऱ्यांवर त्याने खटला भरला, तो जिंकला. त्यांनी दिवाळं काढलं आणि कोर्टखर्चाचे सुमारे ७०० पौंड त्यालाच भरावे लागले.

पाच शिलिंग ही किंमत ध्यानात ठेवण्यासारखी आहे. गोष्टीतला कारकून बॉब क्रॅचिट आठवड्याला पंधरा शिलिंग कमावतो. म्हणजे स्वतःची गोष्ट विकत घ्यायला त्याला आठवड्याचा एकतृतीयांश पगार लागला असता. हे पुस्तक बॉबसाठी लिहिलेलं नव्हतं. ज्यांच्या हाताखाली असे बॉब कामाला होते, त्यांच्यासाठी ते लिहिलेलं होतं, आणि त्यातल्या सगळ्या बोधाची दिशा ही अशी आहे.

आता स्क्रूजच्या पेढीवर येऊ. बाहेर धुकं, कडाक्याची थंडी. कोळशाची पेटी मालकाच्या खोलीत असते. कारकुनाच्या कोंदट खोलीत इतका छोटा विस्तव की तो एकाच निखाऱ्याचा वाटावा. कोळसा घ्यायला फावडं घेऊन आत गेलं तर नोकरी जाण्याची भीती. म्हणून बॉब गळ्याभोवती पांढरा मफलर गुंडाळतो आणि मेणबत्तीवर हात शेकायला बघतो. अन्याय म्हणून डिकन्सने दाखवलेली पहिली गोष्ट ही आहे. कुणी कुणाला मारत नाही, कुणी कुणाला लुबाडत नाही. ठरलेला पगार वेळेवर मिळतो आहे. फक्त कोळशाची पेटी कुठे ठेवायची, हे एका माणसाच्या हातात आहे.

तेवढ्यात दोन सद्गृहस्थ गरिबांसाठी वर्गणी मागायला येतात. स्क्रूज विचारतो, तुरुंग बंद पडलेत का? वर्कहाउसं चालू आहेत ना? गरिबांचा कायदा अमलात आहे ना? हे प्रश्न त्या वेळच्या वाचकाला चांगलेच परिचित होते. १८३४च्या नव्या गरीब-कायद्याने मदत हवी असलेल्या धडधाकट माणसाला वर्कहाउसची, म्हणजे गरीबखान्याची वाट दाखवली होती. तिथलं जिणं बाहेरच्या सर्वांत गरीब मजुराच्या जिण्यापेक्षाही नकोसं असावं, असं त्यामागचं तत्त्व होतं. नवरा एका वॉर्डात, बायको दुसऱ्या, मुलं तिसऱ्या. पुष्कळजण तिथे जाण्यापेक्षा मरण पत्करतील, असं ते गृहस्थ सांगतात. त्यावर स्क्रूज जे उत्तर देतो त्यासाठी ही गोष्ट लिहिली गेली, असं म्हणायला हरकत नाही. मरायचं तर मरू देत, जास्तीची लोकसंख्या तेवढीच कमी होईल, असा त्याचा आशय आहे.

हे एका तुसड्या म्हाताऱ्याचं तिरसट बोलणं नाही. तो त्या काळच्या सुशिक्षितांचा हिशेब होता. अन्न वाढतं त्यापेक्षा माणसं वेगाने वाढतात, हा सिद्धान्त थॉमस माल्थस यांनी १७९८मध्ये मांडला. १८०३च्या आवृत्तीत त्यांनी निसर्गाच्या पंगतीचं एक रूपक वापरलं: ज्याला पोसायला आईबाप नाहीत आणि ज्याच्या श्रमाची समाजाला गरज नाही, त्याच्यासाठी त्या पंगतीत पान मांडलेलं नाही. पुढच्या आवृत्तीत हा परिच्छेद त्यांनी काढून टाकला, पण विचार पसरायचा तो पसरलाच.

या हिशेबाची एक वाट आपल्या दारापर्यंत येते. १८०५पासून १८३४मध्ये मृत्यू येईपर्यंत माल्थस ईस्ट इंडिया कंपनीच्या हेलीबरी कॉलेजात इतिहास आणि अर्थशास्त्र शिकवत होते. हिंदुस्थानात कलेक्टर म्हणून यायचे ते तरुण त्यांच्या वर्गात बसत. पुढे मुंबईचे गव्हर्नर झालेले सर रिचर्ड टेंपलही हेलीबरीचेच, जरी ते माल्थस यांच्यानंतर तिथे शिकले. १८७४च्या बिहारच्या दुष्काळात टेंपल यांनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणवून माणसं जगवली, आणि उधळपट्टी केली म्हणून बोलणी खाल्ली. १८७७मध्ये दख्खनचा दुष्काळ पाहायला त्यांनाच पाठवलं गेलं, तेव्हा त्यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे पुरेत असं ठरवलं. मुंबई इलाख्यात हजारो मजूर या कमी केलेल्या मजुरीवर काम करायला नकार देऊन उठून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे ठेवली. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले आणि त्यांचे सत्यशोधक सहकारी मुलांना जेवू घालण्यासाठी धनकवडीत उभे राहिले. स्क्रूजचं वाक्य केवळ लंडनच्या धुक्यात विरून गेलं नव्हतं, हे समजायला एवढं पुरे आहे.

मग भुतं काय करतात? ती स्क्रूजला प्रवचन देत नाहीत. मेलेला भागीदार जेकब मार्ली थोडं बोलतो, आणि त्याच्या अंगावर तिजोऱ्या, किल्ल्या, कुलपं, खतावण्या यांची साखळी असते. पुढचे तीन आत्मे मुख्यतः दाखवतात. ज्याला हिशेब तोंडपाठ आहे त्याला ते घरं दाखवतात, कारण ‘जास्तीची लोकसंख्या’ हा आकडा लांबूनच मांडता येतो.

पहिला आत्मा त्याला त्याच्या तरुणपणीच्या मालकाकडे, फेझिविगकडे नेतो. नाताळच्या आदल्या संध्याकाळी फेझिविग दुकान आवरायला लावतो, सारंगीवाला बोलावतो आणि उमेदवारांपासून स्वैपाकिणीपर्यंत सगळ्यांसह नाचतो. आत्मा मुद्दाम डिवचतो: तीन-चार पौंडांचा तर खर्च, एवढं कौतुक कशाला? आणि स्क्रूज, भान विसरून, उसळून उत्तर देतो की प्रश्न पैशांचा नाहीच. हाताखालच्या माणसांना सुखी करायचं की दुःखी, त्यांचं काम हलकं करायचं की ओझं, हे मालकाच्या हातात असतं; ते त्याच्या शब्दांत असतं, नजरेत असतं, मोजता न येण्याजोग्या बारीकसारीक गोष्टींत असतं. एवढं बोलून तो गप्प होतो. आपल्या कारकुनाशी आत्ता दोन शब्द बोलता आले असते तर बरं, असं त्याला वाटून जातं. पश्चात्तापाची सुरुवात इथे आहे. त्याला गरिबांची कणव आलेली नाही. मालक म्हणून आपल्या हातात काय होतं, हे त्याला पहिल्यांदा आठवलं आहे.

दुसरा आत्मा त्याला कॅम्डन टाउनमधल्या बॉबच्या चार खोल्यांच्या घरात नेतो. डिकन्सचं कुटुंब लंडनला आलं तेव्हा याच कॅम्डन टाउनमध्ये राहिलं होतं, त्यामुळे ते स्वैपाकघर त्याला जवळून ठाऊक होतं. बॉबच्या बायकोचा झगा दोनदा उलटवून शिवलेला आहे, पण त्याला स्वस्त रिबिनी लावून तिने सण साजरा केला आहे. थोरला मुलगा पीटर बापाची कॉलर मिरवतो आहे. थोरली मुलगी मार्था टोप्यांच्या दुकानात उमेदवार; आदल्या रात्रीचं काम संपवून यायला तिला उशीर झाला. बॉब छोट्या टिमला खांद्यावर घेऊन चर्चमधून येतो. टिमच्या हातात कुबडी, पायांना लोखंडी आधार. गूस भाजायला घरात भट्टी नाही, म्हणून तो पाववाल्याच्या भट्टीतून आणलेला. गरिबांच्या घरी तेव्हा हीच रीत होती, आणि रविवारी या भट्ट्या बंद ठेवाव्यात म्हणून संसदेत विधेयकं आणणारे धर्मशील लोकही होते. चोवीस वर्षांच्या डिकन्सने १८३६मध्ये टोपणनावाने त्यांच्याविरुद्ध पुस्तिका लिहिली होती. या गोष्टीतही स्क्रूज आत्म्याला त्याबद्दल छेडतो. आमच्या नावावर असं करणारे लोक आमचे कुणी नव्हेत, त्यांचं त्यांच्या माथी, असं आत्मा बजावतो.

पुडिंग मात्र घरी झालं आहे, कपडे उकळायच्या हंड्यात. झाकण उघडल्यावर वाफेबरोबर धुण्याच्या दिवसाचा वास येतो. मोठ्या कुटुंबाला ते लहान आहे, पण कुणी तसं बोलत नाही, मनातही आणत नाही. पेय ओतायला घरात काचेची भांडी किती, तर दोन पेले आणि कान तुटलेला एक कप. बॉब या तुटपुंज्या भांड्यांतून मालकाच्या नावाने शुभेच्छा देतो. बायकोचा संताप उफाळतो, पोरं मुकाट होतात, पाच मिनिटं घरावर सावट येतं. स्क्रूज हे बघतो आहे, आणि त्यांना त्याचा पत्ता नाही.

टिम जगेल का, असं स्क्रूज विचारतो. उत्तरादाखल आत्मा त्याला त्याचेच शब्द परत करतो, जास्तीच्या लोकसंख्येचे. जास्तीचं कोण, हे ठरवायच्या आधी ते कोण आहेत आणि कुठे राहतात हे तरी बघून घे, असं तो त्याला सुनावतो. त्या क्षणी टिमचा हात बापाच्या हातात आहे.

थोड्या वेळाने तोच आत्मा आपल्या झग्याखालून दोन मुलं पुढे करतो. पिवळी, सुकलेली, लांडग्यासारख्या नजरेची. मुलगा अज्ञान, मुलगी गरज. दोघांना भ्या, पण मुलाला जास्त, असं सांगून तो तुरुंग आणि वर्कहाउसचे प्रश्न स्क्रूजच्या तोंडावर फेकतो. सप्टेंबरमधली फील्ड लेनची शाळा आणि ऑक्टोबरमधलं मँचेस्टरचं भाषण, दोन्ही या पानावर आली आहेत. १९३८च्या हॉलिवुडच्या चित्रपटातून हा प्रसंग गाळलेला आहे, १९९२च्या मपेट बाहुल्यांच्या लोकप्रिय चित्रपटातूनही. ॲलस्टर सिम यांची भूमिका असलेल्या १९५१च्या चित्रपटात तो आहे. सणाच्या रंगात ही दोन मुलं बसत नाहीत, हे खरं. पण त्यांना वगळलं की उरते ती फक्त एका चिक्कू माणसाची सुधारणा.

तिसऱ्या आत्म्याचा भाग थोडक्यात सांगता येतो. एक माणूस मेला आहे, त्याच्या पलंगाचे पडदे भंगारवाल्याला विकले जात आहेत आणि त्याच्या मरणाने एका कर्जदार जोडप्याला सुटल्यासारखं झालं आहे. ते दोघे वाईट नाहीत; मुदत मिळेल एवढाच त्यांचा आनंद. टिमही मेलेला आहे.

नाताळच्या सकाळी स्क्रूज जागा होतो, बॉबकडे मोठी टर्की पाठवतो, आणि रस्त्यात त्याला वर्गणी मागणाऱ्या त्या दोघांपैकी एक गृहस्थ भेटतात. तो त्यांच्या कानात एक रक्कम सांगतो. ती किती, हे वाचकाला कळत नाही. पण तो एक गोष्ट मोठ्याने सांगतो: या रकमेत बरीच मागची थकबाकी आहे. आयुष्यभर दुसऱ्यांची थकबाकी वसूल करणाऱ्या माणसाच्या तोंडी डिकन्सने हा शब्द घातला, यातच त्याचं म्हणणं आलं. उपकार केला असं स्क्रूजला वाटत नाही. जे कधीच द्यायला हवं होतं ते द्यायला आपल्याला उशीर झाला, असं त्याला वाटतं.

आणि मग सव्वीस डिसेंबर. बॉब घाईने येतो, टोपी दाराबाहेरच काढलेली, पेन कागदावर भरधाव. स्क्रूज खोटं गुरगुरतो, मग पाठ थोपटून सांगतो की पगार वाढवणार, घरच्यांची काळजी घेणार, आणि ही बोलणी दुपारी गरम पेय घेत करू. त्याचा लगेचचा हुकूम मात्र एकच आहे: विस्तव पेटव, आणि पुढचं अक्षर लिहायच्या आधी कोळशाची दुसरी पेटी विकत आण. सगळ्या भुतांच्या येरझाऱ्या अखेर या दुसऱ्या पेटीपाशी येऊन थांबतात. टिम वाचला हे आश्वासनही डिकन्सने मूळ हस्तलिखितात घातलेलं नव्हतं, ते छपाईच्या वेळी आलं. कोळसा मात्र पहिल्यापासून होता.

या गोष्टीवर तेव्हाच एक गंभीर आक्षेप आला होता. १८४४मध्ये ‘वेस्टमिन्स्टर रिव्ह्यू’ने विचारलं की बॉबला टर्की मिळाली, पण ती मिळावी म्हणून कोण टर्कीवाचून राहिलं? अर्थशास्त्राचा प्रश्न म्हणून तो फारसा पक्का नाही. स्क्रूजच्या पेटीत पडून राहिलेल्या पैशाने कुणाचं पोट भरत नव्हतं. त्याहून जड आक्षेप वेगळा आहे. एका मालकाचं मन पालटलं म्हणून बॉबचं भलं झालं. पालटलं नसतं तर? तिजोरीची किल्ली शेवटपर्यंत स्क्रूजच्याच खिशात राहते. या आक्षेपाला गोष्टीत उत्तर नाही, आणि असल्याचा आव कुणी आणू नये.

गोष्टीबाहेर मात्र डिकन्स या प्रश्नाजवळ पुन्हा आला: पुस्तकानंतर दहा वर्षांनी तो बर्मिंगहॅमला गेला. २७ डिसेंबर १८५३ला तिथल्या टाउन हॉलमध्ये त्याने हीच गोष्ट पहिल्यांदा जाहीरपणे वाचून दाखवली, नव्या बर्मिंगहॅम अँड मिडलँड इन्स्टिट्यूटच्या मदतीसाठी. वाचन करायला होकार देताना त्याने एक अट घातली होती: एक रात्र कष्टकऱ्यांसाठी राखून ठेवायची आणि त्यांना परवडेल असं तिकीट लावायचं. ३० डिसेंबरला सहा पेन्सांच्या तिकिटावर सभागृह कारागिरांनी आणि मजुरांनी भरलं. वाचनाआधी त्याने त्यांच्यापुढे थोडं भाषण केलं. तुमच्यासाठी उभ्या राहणाऱ्या या संस्थेच्या कारभारात तुमचाही वाटा असायला हवा, व्यवस्थापनात कामगारांना जागा मिळायला हवी, असं त्याने तिथे सांगितलं, आणि मग मार्लीच्या मरणापासून वाचायला सुरुवात केली.